रंभाच्या कमरेची डबी

इस्तारीच्या तोंडात रंभाची दोन बोटं उभी मावत. मावायला तीन हवीत, असं गावात दातांच्या शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोटं एकावर एक ठेवायची आणि वरच्या-खालच्या दातांमधून उभी सरकवायची. तीन गेली तर तोंड चांगलं. दोन गेली तर खर्ऱ्यानं, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं, तोंड आखडायला लागलंय; आजच सोडा. एकच गेलं तर मग भाताचा घासही जाणार नाही, नळीनं पेज प्यावी लागेल.

डॉक्टर ज्याची त्यानंच बोटं मोजायला सांगून गेले होते. पण इस्तारी गालात बोट दाबून अडीचची तीन करायचा, म्हणून मोजणी त्याच्या बायकोनं, रंभानं, आपल्याकडे घेतली. दर बाजाराच्या दिवशी सकाळी, मासळीची टोपली उचलण्याआधी, ती त्याला अंगणात बसवायची.

"आ करा."

"आ."

"अजून करा जी."

"एवढंच उघडते वो. काय आता दार तोडतं का?"

त्या वर्षी पावसाळ्यात दुसरं बोटही घासून जाऊ लागलं. रंभा बोटं धुवायची आणि टोपली डोक्यावर घ्यायची. तिच्या मनात तेव्हा एवढंच असायचं, की हा माणूस माझ्यासमोर उपाशी मरेल, तेही भरल्या ताटावर.

चिंचटोला हे त्यांचं गाव कुरखेड्यापासून पंधरा किलोमीटर आत. गावाच्या उशाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवरांची वीस-बावीस घरं. इस्तारी पाण्यात डोंगा, म्हणजे छोटी होडी, घालायचा, जाळं टाकायचा. रंभा मासे विकायची. एकोणतीस वर्षं तिनं रोहू, मरळ आणि झिंगे तोलले, पण तिच्या काट्याखाली अंगठा गेला असं कुणी पाहिलं नाही. गावात कुणी थापा मारू लागला की लोक म्हणत, "चाल, रंभाच्या काट्यावर बस." खोटं तिला बोलताच येत नसे. पोरगी रीता लहान असताना तापात "माय, सुई दुखते का?" विचारायची, तर ही म्हणायची, "दुखते. पण थोडा वेळ." रीता आता लग्न होऊन घुग्घुसला होती. तिचा नवरा खाणीत पाळीवर जायचा, आणि फोनवर ती अजून म्हणायची, "माय, तू तरी कधी गोड बोलजो."

अशी बाई गावातल्या महिला संघटनेत पुढे असणारच. गावातले खर्ऱ्याचे दोन ठेले बंद करायला गेलेल्या बायकांत रंभा सगळ्यांत पुढे होती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून माणसं घोट घोट घोटतात आणि दिवसभर गालात धरतात, हे तिला मनापासून किळसवाणं वाटे. ठेले बंद झाले तसा खर्रा शेजारच्या गावाहून खिशातून येऊ लागला. इस्तारीच्या खिशातूनही. चौदाव्या वर्षी लागलेली सवय. दिवसाला पाच-सहा पन्न्या.

"मन पक्कं पाह्यजे," रंभा म्हणायची. "मले पाहा. आहे का मले कशाची लत?"

"नाई बाप्पा," इस्तारी म्हणायचा आणि जाळ्याची गाठ मारायला लागायचा.

*

पुनम मॅडम गावात आल्या त्या दिवाळीनंतर, धान कापणीला आलं तेव्हा. मूळच्या राजुऱ्याच्या, शिकायला नागपूरला. वय तिशीच्या आत. तंबाखू खाणाऱ्याच्या मेंदूत काय चालतं, त्याचं यंत्रानं चित्र काढायचं, असं त्यांचं काम होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. एका गावातले काही खाणारे घ्यायचे, त्याच गावातले, त्याच वयाचे काही न खाणारे घ्यायचे. दोघांनाही यंत्रात झोपवून तीच चित्रं दाखवायची आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते पाहायचं. सुई नाही, औषध नाही. त्यानं सवय सुटणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. पण सवय का सुटत नाही ते कळेल, आणि सोडवायची वाट उद्या कुणाला तरी सापडेल.

रंभाला ती शेवटची गोष्ट आवडली. जी मुलगी "बरं होणार नाही" असं आधीच सांगते, तिचा काटा सरळ असला पाहिजे.

"यायचं नाव लिहा," ती इस्तारीकडे बोट दाखवून म्हणाली.

"मी एकटा नाई जाऊन राह्यलो नागपूरले," इस्तारी म्हणाला. "न खाणारे पाह्यजे ना मॅडमले? मग हिचं लिहा. तिचं पाहून माझ्या डोक्याले लाज येईन."

बायका हसल्या. पुनमनं रंभाला विचारलं, "मावशी, तुम्ही तंबाखू खाता?"

"नाई."

"खर्रा, पान, बिडी? कधीच नाही?"

"मॅडम," शेजारची कमला म्हणाली, "हिच्या भीतीनं तर आमच्या घरचे माणसं संडासात जाऊन खर्रा खातेत."

पुनमनं हसून न खाणाऱ्यांच्या यादीत नाव लिहिलं. रंभा पोवार, वय बावन्न असं त्यांनी लिहिलं तेव्हा रंभानं थांबवलं. "पोवार नाई. मेश्राम. पोवार ते वरच्या आळीतले." एवढीच काय ती त्या दिवशीची चूक, असं सगळ्यांना वाटलं.

*

जायच्या दिवशी गाडी पहाटेच यायची होती. इस्तारीला सांगितलं होतं, आदल्या संध्याकाळपासून खर्रा बंद. तो पाटावर पाय हलवत बसला होता, दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होता. रंभानं अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मागच्या दारी जाऊन दात घासले. मोठ्या दवाखान्यात जायचं, लोक तोंडाजवळ येऊन बोलणार, म्हणून दोनदा घासले. कमरेच्या बटव्यात छोटी पत्र्याची डबी असायची. त्यातला काळा, ओला गुडाखू बोटावर घेऊन हिरड्यांवरून फिरवायचा, थोडा वेळ तसाच बसू द्यायचा आणि चूळ भरायची. तिची माय असंच करायची, मायची मायही. डोकं कसं हलकं होतं आणि काम सुचतं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात थंडगार खोल्या होत्या. आधी दोघांच्या तोंडाची थुंकी छोट्या नळ्यांत घेतली. मग एक नर्स रंभाला म्हणाली, "अंगावरचं सगळं धातूचं काढा. आत लोहचुंबक आहे."

हातावरच्या गोंदणाचीही चौकशी झाली. तिथे गरम वाटलं तर सांगा म्हणाले. कमरेचा बटवा तिनं लगेच काढून कपाटात ठेवला. पण खरी अडचण जोडव्यांची होती. लग्नाच्या दिवशी घातलेली जोडवी बोटांत रुतून बसली होती. साबणाचं पाणी लावून नर्सनं ती हळूहळू ओढून काढली. बोटांवर दोन पांढरी वळं राहिली. काळी पोत काढायची वेळ आली तेव्हा रंभाचा हात गळ्याशीच थांबला.

"नवरा जिता आहे वो बाई माझा," ती नर्सला म्हणाली.

"माहीत आहे. बाहेरच बसले आहेत," नर्स म्हणाली. "सगळ्यांना काढावी लागते."

रंभा दारापर्यंत गेली. इस्तारी बाकावर बसला होता.

"हात करा."

त्यानं ओंजळ पुढे केली. रंभानं त्यात पोत ठेवली, जोडवी ठेवली. "तुमच्या हातात आहे म्हणजे माझ्या गळ्यातच आहे. खाली ठेवायचं नाई. लघवीलेही जायचं नाई."

"किती वेळ लागते?"

"पाऊण तास."

इस्तारीनं रुमाल पसरला, त्यात दागिने बांधले आणि गाठ मुठीत धरून पाऊण तास सरळ बसून राहिला. नर्सनं नंतर सांगितलं, चहा दिला तोही त्यानं डाव्या हातानं प्यायला.

आत रंभा नळकांड्यात झोपली. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळावे तसा आवाज. डोळ्यांवर आरसा होता आणि त्यात चित्रं येत होती. खर्ऱ्याची पन्नी. पाण्याचा माठ. तंबाखू चोळणारा हात. सायकल. खर्रा घोटणारा माणूस. दात घासणारा माणूस. छत्री. मग हातातल्या बटणांनी निवड करायची होती: आज शंभर रुपये की पंधरा दिवसांनी दीडशे? आज शंभर की महिन्यानं तीनशे? रंभानं सगळीकडे 'आज' दाबलं. इस्तारीनं त्याच्या पाळीला सगळीकडे 'नंतर' दाबलं.

दोघं बाहेर आल्यावर पुनम चक्रावल्या होत्या. त्यांच्या पुस्तकात बहुतेक उलटं होतं. ज्याला लत, त्याला सगळं आत्ता हवं.

"मावशी, महिन्यानं तीनशे मिळत होते. आज शंभर का घेतले?"

"मासा उद्यापर्यंत राहते का मॅडम? गिऱ्हाईक समोर आहे तोवर द्यायचं. उद्या त्याच माशाले कुत्रं विचारत नाई."

"आणि काका, तुम्ही?"

"बोटाएवढा मासा जाळ्यात आला तर मी सोडतो," इस्तारी म्हणाला. "सहा महिन्यांनी तोच हाताएवढा होऊन येते. थांबणं मले जमते. खर्ऱ्याच्याच बाबतीत जमत नाई."

पुनम ते लिहून घेत होत्या. मग रंभा हसत म्हणाली, "मॅडम, एक गंमत सांगू? त्या खर्ऱ्याच्या चित्रांनी मले काईच झालं नाई, मळमळलं फक्त. पण तो दात घासणारा माणूस आला ना, तर माझ्या तोंडाले असं पाणी सुटलं! पोत गळ्यात नाई, टोपली डोक्यावर नाई, आणि मले आपलं दात घासावंसं वाटून राह्यलं."

पुनमही हसल्या. पण तेही त्यांनी लिहून ठेवलं.

निघताना त्यांनी रंभाला तिच्या मेंदूचं चित्र दाखवलं. काळ्या पडद्यावर फुलकोबीचा गड्डा उभा चिरून ठेवल्यासारखं काहीतरी.

"हे मी?"

"हे तुमचं डोकं. आणि इथे, आत, शेंगदाण्याएवढी एक जागा आहे. काही आवडीचं मिळणार असं वाटलं की ती जागी होते."

"माझी जागी झाली का?"

"असं एकेकट्याचं सांगता येत नाही मावशी. पुष्कळ लोकांची चित्रं एकत्र मांडल्यावर कळतं."

रंभा पडद्याजवळ सरकली. "यात माझी रीता कुठी असन?" तिनं विचारलं.

*

तीन आठवड्यांनी, एका सकाळी, काही न कळवता पुनम चिंचटोल्याला आल्या. चेहरा उतरलेला. थुंकीच्या तपासणीचा कागद आला होता. तंबाखू शरीरात गेली की तिची खूण थुंकीत दोन-तीन दिवस राहते. इस्तारीच्या नळीत ती होती, ते ठीकच. पण रंभाच्या नळीतही होती, आणि इस्तारीइतकीच. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दुसऱ्यांदा तपासलं. तेच निघालं. आता या बाईला काय विचारायचं? जिच्या काट्यावर गाव विश्वास ठेवतं, तिला 'तुम्ही खोटं बोललात का' असं कसं म्हणायचं? सगळ्या रस्त्यानं त्या वाक्य जुळवत आल्या होत्या.

वाक्य लागलंच नाही. रंभा मागच्या दारी दगडावर बसली होती, आणि काळं बोट हिरड्यांवरून फिरवत होती.

"या मॅडम," ती भरल्या तोंडानं म्हणाली. चूळ भरली. "बसा. दात घासून राह्यली होती."

"मावशी, हे काय आहे?"

"गुडाखू. दाताचं."

"बघू?"

रंभानं डबी दिली. पुनमनं ती उलटसुलट केली. "दिवसातून किती वेळा घासता?"

रंभानं विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून तिनं बोटांवर धरलं. उठल्यावर. चहानंतर. बाजारात जायच्या आधी. बाजारात एकदा. जेवल्यावर. उन्हं कलली की. निजायच्या आधी. "सात," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाचं तिला पहिल्यांदा नवल वाटलं. सात वेळा दात कोण घासतं?

"एखाद्या वेळी राहिलं तर?"

"डोकं धरते. चिडचिड होते. मग सुचत नाई काई."

पुनम डबीच्या झाकणावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे चित्र कशाचं, ठाऊक आहे?"

"हाव. सडलेल्या तोंडाचं. दात असे खराब असले तर हे लावायचं, म्हणून काढलं असन."

"नाही मावशी." पुनमनं आवाज अगदी खाली आणला. "हे लावलं तर तोंड असं होतं, म्हणून काढलंय. इथे बारीक अक्षरात लिहिलंय. यात तंबाखू आहे. तंबाखू आणि गूळ."

कोंबडी अंगणातून फडफडत गेली. रंभानं डबी परत घेतली, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. जाळं खांद्यावर घेऊन आलेला इस्तारी दारातच उभा राहिला होता.

"मंग मी तुमाले खोटं बोलली," रंभा म्हणाली.

"नाही. मी चुकीचं विचारलं. 'खाता का' विचारलं, 'ओढता का' विचारलं. 'दात कशानं घासता' हे विचारायचं मला सुचलं नाही. माझी आजी पण..." पुनम थांबल्या. "राजुऱ्याला आमच्या आजीकडे पण अशीच डबी होती. मी तिच्या मांडीवर बसून त्या डबीशी खेळायची."

"माझं नाव कापता का?"

"त्या यादीतून काढावं लागेल. मोठ्या सरांना विचारून दुसऱ्या यादीत घेता आलं तर घेईन."

"घ्या," रंभा म्हणाली. "यायच्या खाली लिहा." मग ती इस्तारीकडे वळली. दर बाजाराला डबी आणून देणारा तोच होता. "तुमाले मालूम होतं?"

इस्तारीनं जाळं खाली ठेवलं. "होतं."

"मंग बोलले काऊन नाई? एकोणतीस वर्षं मी तुमाले खर्ऱ्यासाठी टोचून राह्यली!"

"म्हणूनच. मीही बोललो असतो तर घरात दोन बोलणारे झाले असते. ऐकणारं कोणी तरी पाह्यजे ना?"

हे तो हसून नाही, साधेपणानं बोलला. त्यानं टोमणा मारला असता तर रंभाला सोपं गेलं असतं.

पुनमना वाटलं, आता काहीतरी समजावून सांगायला हवं. डोक्यातली ती शेंगदाण्याएवढी जागा आधी तंबाखू मिळाल्यावर जागी होते. पुढे पुढे तंबाखू दिसली, नुसती आठवली, तिच्यासारखं काही पाहिलं तरी जागी होते आणि मागायला लागते. तेव्हा नुसत्या 'मन पक्कं करा' म्हणण्यानं भागत नाही.

"बगळ्यांसारखं," इस्तारी म्हणाला.

"म्हणजे?"

"मी पाळीवर जाळं झटकलं की बगळे येऊन बसतेत. मासा अजून पाण्यातच असते. पण त्याईले झटकल्याचा आवाज पुरते." त्यानं रंभाकडे पाहिलं. "तुले तो दात घासणारा माणूस दिसला, तसं."

*

पुढच्या मंगळवारी महिला संघटनेची बैठक होती. रंभा उभी राहिली, डबी सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, "यात तंबाखू आहे. मी सात वेळा घेतो. ठेले बंद करायले गेली तेव्हाही ही माझ्या कमरेले होती."

तीन-चार बायकांचे हात आपोआप आपापल्या बटव्यांवर गेले.

"चाल वो," कमला शेवटी म्हणाली, "दात घासण्यावर दंड बसवते का आता?"

"दंड नाई. पुनम मॅडम पुन्हा विचारायले येतीन, तेव्हा खरं सांगजा. एवढंच."

पुनम आल्या, आणि त्यांनी नवा प्रश्न सगळ्यांना विचारला. न खाणाऱ्यांच्या यादीतल्या अकरा बायकांपैकी सात जणींकडे डब्या निघाल्या. यादी नव्यानं करावी लागली, कामाचे चार महिने वाढले. कमलाचंही नाव त्या सातांत होतं. ती नंतर आठ दिवस रंभाशी बोलली नाही, नवव्या दिवशी झिंगे घ्यायला आली.

पण हे सोपं होतं. अवघड होतं ते घरात.

रंभानं बैठकीहून येऊन डबी उकिरड्यावर फेकली आणि इस्तारीला म्हणाली, "पाहा आता. सोडणं कसं असते ते दाखवतो तुमाले."

पहिल्या दिवशी डोकं ठणकलं. दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं एका म्हातारीला अर्ध्या किलोच्या जागी पाव तोलून दिला. म्हातारी मासे परत काट्याकडे सरकवून उभी राहिली. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. रंभानं तिला पाऊण किलो दिले आणि माफी मागितली. घरी आली, तर भांड्यांचे आवाज नकोसे, कोंबड्या नकोशा, इस्तारीचा श्वासही नकोसा. रीताचा फोन आला, तर तिच्यावर ओरडली. "माय, तुले झालं काय?" रीता घाबरून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्तारी तलावावरून आला तर घरात कुणी नाही. मागं गेला. रंभा उकिरड्यावर उकिडवी बसून काडीनं राख आणि सालपटं उकरत होती. हात कोपरापर्यंत माखले होते. पावलं ऐकून ती थांबली, पण वळली नाही.

"सापडून नाई राह्यली," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं.

इस्तारी तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"तुमाले असं होते?" तिनं विचारलं.

"हाव."

"कधी?"

"रोज. शिबिराचा डॉक्टर गेला त्या दिवसापासून. चार वेळा सोडला मी. तुले सांगतलं नाई. पुन्हा धरला तर काय तोंड दाखवू, म्हणून."

रंभानं माखल्या हातानंच डोळे पुसले. "मी तुमाले कच्च्या मनाचे म्हणत होती. बाजारात, लोकाईसमोर."

"म्हणत होती," इस्तारी म्हणाला.

त्यानं खिशातून पन्नी काढली आणि रंभाच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"नागपूरले तू मले पोत दिली होती ना धरायले. तसंच. माझा खर्रा तुझ्याजवळ. उद्या बाजारातून तुझी डबी आणतो, ते माझ्याजवळ. फेकलं की उकरावं लागते. धरून ठेवलं तर फक्त मागावं लागन."

"आणि मागितलं तर?"

"द्यायचं. बोलायचं नाई. पण मागायचं तोंडानं."

रंभानं पन्नी पदरात बांधली. असा तह ढिवरआळीत याआधी कुणी केला नसेल. पुनमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तालुक्याच्या दवाखान्यात मन वळवणारी ताई बसते, चघळायच्या गोळ्या मिळतात, तिथेही जा. दोघं तिथेही गेले. पण चाललं ते मुख्यतः मागण्यावर. मागायचं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं. कधी इस्तारी डोंग्यातून अर्ध्या तलावावरून ओरडायचा, "रीताची माय, दे वो," आणि काठाला येईपर्यंत त्याची गरज निम्मी झालेली असायची. कधी व्हायची नाही; मग ती द्यायची आणि बोलायची नाही. न बोलणं हेच तिला सगळ्यांत जड गेलं. ती दातांवर दात दाबून उभी राहायची, आणि इस्तारी म्हणायचा, "बोल बाप्पा एकदाची, फुटशील."

सातची चार झाली. चारची दोन. मग एका लग्नाच्या गर्दीत पुन्हा पाच. इस्तारीचंही तसंच, वर-खाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला लाकडी पट्ट्या दिल्या होत्या, एकावर एक ठेवून रोज तोंड ताणायला. तो जाळं विणताना पट्ट्या तोंडात धरून बसे आणि त्यामुळे त्याला बोलता येत नसे, याचा रंभाला थोडा आनंद होता.

*

सहा महिन्यांनी पुन्हा नागपूर. या खेपेला दोघंही एकाच यादीत होते. रंभाची जोडवी आता साबणाशिवाय निघाली. दारात इस्तारी ओंजळ पसरून आधीच उभा होता.

आत तीच मालगाडी, तोच आरसा. सायकल, माठ, पन्नी. मग दात घासणारा माणूस आला. रंभाच्या तोंडाला पाणी सुटलं, पहिल्यासारखंच. बाहेर आल्यावर तिनं ते पुनमना आपण होऊन सांगितलं. "बगळा येऊन बसलाच मॅडम."

"येणारच," पुनम म्हणाल्या. "वर्षानुवर्षं येतो. त्याला दर वेळी मासा द्यायचा नाही, एवढंच."

इस्तारी बाकावर होता. त्यानं मांडीवर रुमाल सोडला. पोत, दोन जोडवी, आणि शेजारी पत्र्याची डबी.

"पाऊण तास झाला," तो म्हणाला. "मागते का?"

रंभानं पोत उचलून गळ्यात घातली. बाकाच्या कडेला बसून जोडवी घातली. डबीकडे पाहिलं. तोंडात पाणी होतंच.

"राहू द्या तुमच्याजवळ," ती म्हणाली. "गावाले गेल्यावर पाहू."

इस्तारीनं डबी खिशात टाकली. आणि बाजाराचा दिवस नसताना, कुणी न सांगता, त्या थंडगार व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसमोर, त्यानं तिच्याकडे तोंड करून आ केला.

"इथी? लोक पाहून राह्यले जी."

त्यानं मान हलवली. तोंड मिटलं नाही.

रंभानं पदराला बोटं पुसली, एकावर एक ठेवली आणि सरकवली. दोन सहज गेली, न घासता. तिसरं तिनं हळूच टेकवलं. ते आत गेलं नाही. पण नखापर्यंत गेलं, आणि तिथे ते तिनं थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.